म्हातारीचा डावा हात

आयर्लंडमधल्या एका म्हातारीचा डावा हात मी उजवा केला. चूक एवढीच, एका ओळीत मावणारी. ती निस्तरायला मात्र अख्खा हिवाळा गेला, आणि त्यातला बराचसा माझ्या भित्रेपणात गेला. शेवट बरा झाला, हे आधीच सांगून टाकतो. तो तसा झाला नसता तर दिवाळीच्या फराळासोबत हे वाचायला मी कुणाला दिलं नसतं.

आधी धंद्याविषयी. लोकांकडच्या जुन्या फिल्म आणि व्हिडिओ कॅसेट आम्ही साफ करतो, जोडतो आणि कॉम्प्युटरवर उतरवून देतो. गिऱ्हाईक येतं ते दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या काचेच्या ऑफिसात. तिथं गालिचा आहे, कॉफीचं मशीन आहे, काचेपलीकडे मालक आहेत, आणि गिऱ्हाइकाशी बोलायला मी आहे. खरं काम चालतं शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका गाळ्यात. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या खिडक्या कापणारा, आणि मधे आमचा रफिक मशीनवर बसलेला. रफिक दापोलीकडचा, माझ्याच वयाचा, म्हणजे पन्नाशीला टेकलेला. फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरसारखा वास सुटतो. रफिक डबा उघडून नाकाशी धरतो आणि सांगतो, "अजून कैरी हाय," नाहीतर, "गेलं, याचं लोणचं झालं." आमचा लॅब रिपोर्ट तो हाच.

या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. माणसं फिल्म घेऊन येतात, पण त्यांना हवं असतं त्या फिल्ममधलं कुणीतरी. रस अल खैमाहून एक वृद्ध अरब गृहस्थ आले होते. वडिलांची एकुलती एक फिल्म, भर उन्हात काढलेली, चेहरा पार पांढराफटक. आम्ही नाना खटपटी केल्या, चेहरा काही उमटेना. मी ओशाळून त्यांना दाखवायला बसलो. खजुराच्या झाडांमधून वडील चालत येताना दिसले आणि त्यांनी मला हातानं थांबवलं. ते असाच पाय टाकायचे, म्हणाले. खलास, हबीबी, एवढं पुरे.

श्रीवर्धनच्या एका बाईंची तऱ्हा उलटी होती. लग्नाच्या कॅसेटमध्ये जिथंतिथं नाचणारा मेहुणा त्यांना काढून हवा होता, कारण मधल्या काळात जमिनीवरून भांडण झालेलं. जमेल तेवढा काढला. काही वर्षांनी त्याच बाई परत आल्या. मेहुणा वारला होता आणि बहिणीला तो नाचताना बघायचा होता. मशीनवरून पहिल्यांदा उतरलेली प्रत आम्ही कधीच पुसत नाही, म्हणून तो मिळाला. त्या प्रतीला हात लावायचा नाही, हा नियम मी घालून दिलेला आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. बाकीच्या बाबतीत माझी अक्कल किती चालते ते आता सांगतो.

ऊना मॅडम ऐंशीच्या घरातल्या, निवृत्त शिक्षिका. मुलगा जुमेरा लेक टॉवर्समध्येच राहतो, त्याच्याकडे त्या हिवाळा काढायला येतात. आपल्याकडे उणा म्हणजे कमी; या बाईंमध्ये उत्साह सोडून बाकी काही जास्त नव्हतं. बारीक अंगाच्या, उन्हाची टोपी घातलेल्या, हातात पत्र्याचा एक गंजका डबा. त्यात छोटं रीळ होतं. डबा टेबलावर ठेवण्याआधी त्यांनी त्याची गोष्ट सांगितली.

त्यांच्या आजीची बहीण नोरा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खेड्यातली मुलगी कोवळ्या वयात अमेरिकेला मोलकरीण म्हणून गेली आणि पुढं मूकपटांत नटी झाली. स्टुडिओनं तिला फ्रेंच करून टाकलं. पडद्यावर ती मिरेल. जन्म पॅरिसचा, वडील उमराव, आई लहानपणीच वारलेली, असं एका मासिकात छापून आलं. ते मासिक कुणीतरी हौसेनं तिच्या गावी पोचवलं. छापील वारलेली आई त्या वेळी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. तेव्हापासून घरात नोराचं नाव घ्यायचं बंद झालं. जिवंत आईला मारणारी, असाच तिचा उल्लेख व्हायचा. फक्त ऊना मॅडमची आजी म्हणायची, की नोरा एकदा गुपचूप येऊन आईला भेटून गेली होती. आजी तेव्हा लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, म्हणून तिच्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

आता अमेरिकेतल्या कुठल्याशा घराचा पोटमाळा रिकामा करताना हा डबा निघाला होता. वर खेड्याचं नाव होतं, म्हणून तो फिरत फिरत ऊना मॅडमकडे आला. ईस्टरला सगळं कुळ गावी जमणार होतं, आणि आईच्या थडग्याशेजारी नोराच्या नावाचा दगड बसवायचा की नाही, ते तेव्हा ठरणार होतं. त्यांचा चुलतभाऊ डोनल अजून त्याच जागेवर राहतो. तो म्हणाला होता, ती आईला भेटायला आली एवढं दाखव, दगड मी स्वतः वाहून आणतो. नाही दाखवता आलं तर विषय बंद.

"माझ्यानंतर विचारणारं कुणी नाही," ऊना मॅडम म्हणाल्या आणि डबा माझ्याकडे सरकवला.

रफिकनं वास घेतला. कैरी होती.

रिळात दोन तुकडे एकमेकांना चिकटवलेले होते. पहिला अगदी छोटा, एका मूकपटातला: पंखा हातात घेतलेली मिरेल. दुसरा तुकडा एका अंगणाचा. दगडी बुटकं घर, मागं एका बाजूला डोंगर. काळ्या कपड्यांतली म्हातारी, आणि तिच्यासमोर केस आखूड कापलेली, फरची कॉलर लावलेली एक बाई. बाजूला वेस्टकोट घातलेला एक शेजारी अवघडून उभा. म्हातारी ओच्यातून पावाचा मोठा तुकडा काढते, मोडते आणि त्या बाईच्या ओंजळीत ठेवते. बाई खात नाही. नुसती बघत राहते. म्हातारी तिचा हात धरून तो घास तिच्या तोंडाशी नेते. बस, एवढंच.

मी तो तुकडा पुन्हा लावला. आणि त्याच वेळी मला काहीतरी खटकलं. म्हातारी डाव्या हातानं देत होती.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फिल्मची मंद बाजू कुठं असावी ते ठरलेलं असतं, पण तिच्यावरून नक्कल काढली की बाजू बदलते. जुन्या घरगुती फिल्मला दोन्ही कडांना भोकं असायची, म्हणजे ती मशीनमध्ये उलटीसुद्धा आरामात बसते. उलटी बसली की आरशात बघितल्यासारखं होतं, डावं ते उजवं. आमच्या रिळातल्या दोन तुकड्यांच्या मंद बाजू एकमेकींच्या विरुद्ध होत्या. याचे दोन अर्थ निघतात: एक तुकडा मूळ आणि दुसरा नक्कल, किंवा जोडणाऱ्यानं दुसरा तुकडा उलटा चिकटवला. कुठला अर्थ खरा, हे चित्रातल्या खुणांवरून ठरवायचं. अक्षरं, घड्याळं, शर्टाची बटणं. आमच्या कामातली सगळी हुशारी ती यातच.

मी खूण धरली ती म्हातारीच्या हाताची. माझी आई देवाचा प्रसाद सोडाच, साधी वाटी कुणी डाव्या हातानं पुढं केली तर घ्यायची नाही. इतक्या वर्षांनी लेक दारात आलेली, आणि आई तिला पहिला घास डाव्या हातानं देईल? मी रफिकला विचारलं. त्याचंही मत पडलं, "सामंतभाऊ, डाव्या हातानं आपल्यात कुत्र्याला पण भाकरी घालत नाय कोणी." टायरवाला पेशावरचा, तो चहा प्यायला आला होता. त्यानंही मान डोलावली. झालं. तीन मुलखांची साक्ष मिळाली, फक्त आयर्लंडची राहिली.

मी चित्र उलटवलं. म्हातारी उजव्या हातानं द्यायला लागली आणि माझ्या जिवाला बरं वाटलं. शेजाऱ्याच्या वेस्टकोटाची बटणं आता बायकांच्या कपड्यांसारखी उलट्या बाजूला गेली, ते मी पाहिलं. पाहिलं, हे इथं मुद्दाम लिहितो. गरिबाघरी बहिणीचे कपडेही वापरत असतील, अशी मीच माझी समजूत घातली.

घरी, करामाला, जेवताना मी हा शोध मोठ्या ऐटीत सांगितला. बायको, मेधा, कौतुकानं ऐकत होती. मुलगी ईशा अकरावीत आहे, ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "बट हाऊ डू यू नो, बाबा? माय होल बेंच इज लेफ्ट-हँडेड." मी तिला ऐकवलं, की अनुभव नावाची एक गोष्ट असते. तिनं खांदे उडवले आणि पोळी घेतली.

ऊना मॅडमनी आमच्या ऑफिसात ती फिल्म पाहिली तेव्हा त्या दोन चेहऱ्यांपलीकडे त्यांना काही दिसतच नव्हतं. मला म्हणाल्या, आजी खरं बोलत होती. त्यांनी लगेच फाइल डोनलला पाठवली.

आठवड्याभरानं त्या परत आल्या. टोपी तीच, चाल निराळी. डोनलचं उत्तर आलं होतं. घर आपलं नाही. आपल्या घराकडं तोंड करून उभं राहिलं की डोंगर डाव्या हाताला येतो, यात उजवीकडे आहे. घर दुसऱ्या कुणाचं तर म्हातारीही दुसऱ्या कुणाची. मूकपटातल्या बाया सगळ्या सारख्याच दिसायच्या. विषय बंद.

मॅडमना कसलीही तक्रार करायची नव्हती. रीळ परत न्यायला आल्या होत्या, आणि आमच्या कष्टांबद्दल घरी भाजलेला पाव घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्या टेबलावर फडकं पसरलं, पाव ठेवला, एक तुकडा मोडला आणि माझ्यापुढं धरला.

डाव्या हातानं.

मी उजवा हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. मी विचारलं, मॅडम, तुम्ही डावखुऱ्या आहात? त्या हसल्या. घरातल्या सगळ्या बायका डावखुऱ्या, म्हणाल्या. आजीला शाळेत छडीनं मारून उजव्या हातानं लिहायला लावलं होतं, पण स्वयंपाकघरात तिची आई तिला सांगायची, इथं तुझ्या हातानं काम कर. त्यांच्या भाषेत डावखुऱ्याला किटोग म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात? मी सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, डावखुरी, डावखुरी, आणि छान आहे म्हणाल्या.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पाव माझ्या तोंडात होता, मालक काचेपलीकडे बसले होते, आणि हात मी का बदलला याचं कारण मला इंग्रजीत सांगता येईल असं वाटेना. मी एवढंच म्हणालो, की एक तांत्रिक तपासणी राहिली आहे, रीळ थोडे दिवस राहू द्या. त्या तयार झाल्या. आशा वाटली असावी असंही नाही, सभ्य होत्या म्हणून.

शारजाला जाऊन मी पहिली प्रत उघडली. डोंगर डावीकडे होता. वेस्टकोट पुरुषासारखा होता. रफिकनं पडद्याकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. सुलटं करायला एक बटण दाबावं लागतं. मी दाबलं. फाइल मॅडमना पाठवली आणि सोबत लिहिलं, की ही सुधारित आवृत्ती आहे, रंगछटा व दिशा यांत तांत्रिक सुधारणा केल्या आहेत. असली वाक्यं लिहायला आम्हा ऑफिसातल्या लोकांना विचार करावा लागत नाही. मला वाटलं, डोंगर जागेवर आला की सगळं आपोआप जागेवर येईल.

मॅडमचा फोन आला तो दुपारी, मी मेट्रोत होतो. आवाज अगदी खाली होता. डोनलनं नवी फाइल साऱ्या कुळाला दाखवली होती. तो म्हणाला होता, की आधी डोंगर इकडे होता, मी बोललो तर तिकडे गेला. समुद्रात बेटं बांधणाऱ्या गावात डोंगर सरकवणं काय अवघड? सगळे हसले होते. ऊनाला हवं ते बनवून मिळालं, असं म्हणाले होते.

"तुम्ही काय केलंत ते मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या, "पण मी खोटारडी ठरले आहे. नोराचं जाऊ द्या, आता आजीही खोटी झाली."

मी पुढच्याच स्टेशनवर उतरलो आणि बाकावर बसलो. चूक झाली तेव्हा एक घर चुकीचं दिसत होतं. मी गप्प बसलो, तर खरं घर दिसत असूनही कुणाला खरं वाटत नव्हतं. हा हिशेब मला तिथं, त्या बाकावर कळला.

मालकांना जाऊन सांगितलं. ते लेबनीज, व्यवहारी गृहस्थ. म्हणाले, दिलेलं काम करून दिलं, लेखी काही कबूल करू नकोस. पण बाईंच्या घरी जायचं असेल तर जा, आणि पहिली प्रत घेऊन जा. रफिकला मी सोबत चल म्हणालो नव्हतो. तो खाली गाडीत बसलेला होता, मांडीवर डबा घेऊन. मला म्हणाला, "कुत्रा-भाकरी मीच बोललो होतो ना?"

मॅडमच्या मुलाच्या घरी मोठ्या टीव्हीवर व्हिडिओ कॉल लावला. तिकडे एका बैठकीच्या खोलीत पाच-सहा माणसं दाटीवाटीनं बसलेली, मधे डोनल. लाल चेहऱ्याचा, जाड स्वेटरवर जाकीट घातलेला, तळहात मांडीवर ठेवून. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळेना आणि माझं त्यांना. मॅडम दोन्ही बाजूंना पुन्हा सांगत होत्या. ज्या माणसानं त्यांना अडचणीत आणलं, त्याचे शब्द त्याच सावरून घेत होत्या.

मी पहिली प्रत लावली, मग माझी उलटवलेली, मग पुन्हा पहिली. रफिकनं फिल्मची एक पट्टी खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि कॅमेऱ्यापुढं फिरवली. या बाजूनं डोंगर इकडे, त्या बाजूनं तिकडे. फिल्म तीच, बघणाऱ्याची बाजू चुकली. डोनल म्हणाला, ठीक आहे, पण खरी बाजू कुठली हे कोण ठरवणार? तुम्हीच ना? मी म्हणालो, त्या शेजाऱ्याचा वेस्टकोट बघा आणि मग तुमचं जाकीट बघा. डोनलनं मान खाली घालून स्वतःची बटणं पाहिली. मागं उभ्या असलेल्या एका बाईनं तिच्या कोटाची पाहिली. मग पडद्याकडे, मग पुन्हा स्वतःची. सगळी खोली आपापली बटणं तपासत होती.

डोनल उठून पडद्याजवळ आला, इतका की त्याचं नुसतं कपाळ दिसायला लागलं. त्यानं विचारलं, तुम्ही मुळात उलटवलंत कशाला?

मी कारण सांगितलं. आमच्याकडे डाव्या हातानं अन्न देत नाहीत, म्हणून कुठलीच आई देणार नाही असं मी गृहीत धरलं. मॅडमनी ते त्यांना सांगितलं आणि सांगता सांगता थांबल्या, कारण हे कारण त्याही प्रथमच ऐकत होत्या. त्यांनी स्वतःचा डावा हात समोर धरून पाहिला. तिकडची एक म्हातारी खुर्चीतून म्हणाली, की नोराची आई किटोग होती, मी लहानपणी ऐकलंय. डोनल पडद्यापासून मागं सरला. घास तोंडाशी जातो तो भाग त्यानं परत लावायला सांगितला. लावला. मग त्यानं खिशातून रुमाल काढला आणि शेजारच्याला विचारलं, की ईस्टरच्या आधी दगड घडवून मिळेल का.

मला इतकं हलकं वाटलं, की मी डबा उचलून निघायच्या तयारीला लागलो. रफिकनं माझी बाही धरली. हळूच म्हणाला, "भाऊ, समजावून झालं. माफी राहिली."

खरंच राहिली होती. ऑफिसात मी दिवसाला दहा ईमेल सॉरीनं सुरू करतो, पण त्या बाईंना एकदाही म्हणालो नव्हतो. मी डबा खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो. टीव्हीवर ती सगळी माणसं बघत होती. साध्या, मोडक्या इंग्रजीत बोललो, ते मराठीत असं होतं:

"ऊना मॅडम, मशीन चुकलं नव्हतं, मी चुकलो. तुमच्या पणजीचा हात तुम्हाला न विचारता मी बदलला. तुम्ही मला पाव दिलात तेव्हाच माझी चूक मला कळली होती, तरी मी गप्प राहिलो. घाबरलो होतो. तुमच्या माणसांनी तुम्हाला खोटं म्हटलं, ते माझ्यामुळे. तुमच्या आजीला खोटं म्हटलं, तेही माझ्यामुळे. मला माफ करा."